शेवटचा संपर्क

संगणकांची यादी ठेवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘शेवटचा संपर्क’ नावाचा एक रकाना असतो. त्यात कालची किंवा आजची तारीख असली की त्या संगणकापुढे हिरवा ठिपका दिसतो. तीन-चार महिन्यांपूर्वीची असली की ठिपका राखाडी होतो. माझं पोट बऱ्यापैकी या राखाडी ठिपक्यांवर चालतं.

नगर जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळा-कॉलेजांमधले संगणक सांभाळायचं कंत्राट माझ्याकडे आहे. संगणक चारशेच्या आसपास, आणि ते अकोल्यापासून जामखेडपर्यंत विखुरलेले. क्षेत्रफळाने हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. एक कोपरा सह्याद्रीच्या पावसात भिजतो, तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात टँकरची वाट बघत असतात. चारशे संगणक डोळ्यांनी बघायला निघालो तर महिना मोडेल. म्हणून प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्राम बसवतात, त्याला एजंट म्हणतात. जीएलपीआय, ओसीएस इन्व्हेंटरी ही त्यातली मोफत मिळणारी, मुळातली फ्रेंच नावं. एजंट दिवसातून एकदा जागा होतो, आपल्या यंत्रात मेमरी किती, डिस्क किती, कुठली सॉफ्टवेअर आहेत, कोण लॉगिन झालंय याची नोंद करतो आणि ती नोंद मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला पाठवतो. गावच्या पोस्टमनने रोज संध्याकाळी येऊन ‘सगळं ठीक आहे’ सांगावं, तसं.

एखादा पोस्टमन यायचा बंद झाला, तर काय समजायचं?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी संस्थेने ठरवलं, की नव्वद दिवसांत ज्यांचा संपर्क नाही असे संगणक बंद समजावेत, त्यांचं निर्लेखन करावं आणि त्या शाखेची पुढच्या वर्षीची दुरुस्तीची तरतूद तेवढ्या प्रमाणात कमी करावी. सरकारी किंवा अनुदानित शाळेत काम केलेल्याला निर्लेखन हा शब्द ठाऊक असतो. डेडस्टॉक रजिस्टरवरून वस्तू कमी करणे, म्हणजे कागदोपत्री तिचे अंत्यसंस्कार. गंमत अशी, की वस्तू चालू असते तेव्हाही ती ज्या वहीत लिहितात, त्या वहीचं नाव डेडस्टॉकच असतं. त्या यादीत त्रेसष्ट संगणक निघाले. यादीवर माझी सही हवी होती. मी म्हटलं, आधी बघून येतो.

मला तेव्हा जो प्रश्न पडला तो संगणकाचा नव्हता. सर्व्हरला जे माहीत होतं ते एवढंच, की या त्रेसष्ट जणांकडून काही आलं नाही. कागदावर लिहिलं गेलं, की हे त्रेसष्ट जण नाहीत. या दोन वाक्यांच्या मधे कोणीतरी उडी मारली होती. उडी इतकी सवयीची, की मारताना कुणाला जाणवलीही नाही.

आपण सगळेच ही उडी मारतो. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला आणि एकच टिक राहिली, की डोकं पळायला लागतं. ब्लॉक केलं असेल, फोन मुद्दाम बंद ठेवला असेल. बिचारा समोरचा भंडारदऱ्याच्या घाटात असतो, नाहीतर त्याचा रिचार्ज संपलेला असतो. एक टिक म्हणजे मेसेज तिकडे पोचलेला नाही. त्यापलीकडे तिच्यात काहीच माहिती नाही. बाकीचं सगळं आपण भरतो, आणि गंमत म्हणजे ज्याच्याबद्दल आधीच आढी असते त्याच्या बाबतीत वाईटच भरतो.

आपल्याकडच्या जुन्या दर्शनकारांनी या एका मुद्द्यावर शेकडो वर्षं वाद घातला आहे. एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कळतं कसं? समोर घडा आहे हे डोळ्यांनी दिसतं. पण जमिनीवर घडा नाही, हे कशाने दिसतं? नैयायिक म्हणाले, अभाव हीसुद्धा जगातली एक गोष्टच आहे आणि ती इंद्रियांनीच कळते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, नाही, त्यासाठी ज्ञानाचं एक वेगळं साधन मानावं लागेल. त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती या पाचांच्या पंगतीला हे सहावं. पण त्यांनी त्याला एक अट घातली, आणि मला ती अट त्या सगळ्या वादापेक्षा मोलाची वाटते. नुसतं न आढळणं पुरत नाही. ते ‘योग्य’ न आढळणं हवं. म्हणजे, ती वस्तू तिथे असती तर आपल्याला नक्की दिसली असती, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही, आधी दिवा लावा. आणि धर्म-अधर्मासारख्या गोष्टी डोळ्यांना मुळात दिसणाऱ्याच नव्हेत, त्या दिसल्या नाहीत म्हणून त्या नाहीत असंही म्हणता येत नाही.

या अटीचं नाव योग्यानुपलब्धी. नाव जड आहे, पण माझ्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही. संपर्क न करणारा संगणक तपासणं म्हणजे एकामागून एक दिवे लावत जाणं. वीज होती का? नेट होतं का? एजंटची सर्व्हिस चालू होती का? फायरवॉलने अडवलं का? पत्ता बरोबर होता का? दोन्हीकडची घड्याळं जुळत होती का? हे सगळे दिवे लागले आणि तरीही काही आलं नाही, तरच ‘नाही’ म्हणायचा हक्क मिळतो. आमच्या यादीने एकही दिवा न लावता त्रेसष्ट घडे फुटल्याचं जाहीर केलं होतं.

पहिला दिवा मी पाथर्डीकडच्या एका शाळेत लावला. अकरा संगणक, सगळे राखाडी, आणि सगळे धडधडीत चालू. पोरं त्यावर चित्रं काढत होती. तिथले शिपाईमामा मला म्हणाले, “सर, ह्या मशिनींना रोज सकाळी तारीख सांगावी लागती. संध्याकाळपर्यंत ध्यानात ठेवत्यात, सकाळी परत इसरत्यात.” त्यांनी अर्ध्या मिनिटात निदान केलं होतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. संगणक बंद असताना त्याचं घड्याळ ती चालू ठेवते. ती मेली, की वीज गेल्यावर घड्याळ थेट कारखान्यातल्या तारखेवर जातं. या संगणकांच्या लेखी रोज सकाळी २००९ साल उजाडत होतं. एजंट सर्व्हरशी बोलायला जायचा. सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवायचा, त्यावर वैधतेची सुरुवात २०२४ सालची. २००९ मध्ये जगणारा एजंट म्हणायचा, हे कागदपत्र अजून जन्मलेलंच नाही, तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? आणि फोन ठेवून द्यायचा. त्याच्या बाजूने बघितलं तर तो अगदी शहाण्यासारखा वागत होता.

पण मग विंडोज इंटरनेटवरून आपली वेळ आपोआप दुरुस्त का करत नाही? करतं, एका मर्यादेत. सुट्या संगणकावर जुन्या विंडोजमध्ये ही मर्यादा मुळात पंधरा तासांची ठेवलेली असते. घड्याळ त्याहून जास्त चुकलेलं असलं, तर वेळ दुरुस्त करणारी सेवा ते दुरुस्त करायचं नाकारते. यामागे सुरक्षेचा विचार आहे, कोणी खोटी वेळ घुसवू नये म्हणून. मला तो पटतोही. पण पाथर्डीच्या त्या खोलीत उभं राहून वाचताना तो नियम वेगळाच वाटतो. दहा मिनिटं मागे पडलेल्याला हात देऊन पुढे ओढायचं, आणि जो वर्षानुवर्षं मागे पडलाय त्याला, तू फारच मागे आहेस म्हणून तिथेच सोडायचं. कुठे कुठे हे आपण आणखी करतो, याची यादी वाचणाऱ्याने आपापली करावी. चाळीस-चाळीस रुपयांच्या अकरा बॅटऱ्या बसवल्या आणि तास-दीड तासात अकरा ठिपके हिरवे झाले.

अकोल्याच्या डोंगराकडे गोष्ट वेगळी होती. तिथल्या नऊ संगणकांची घड्याळं ठीक, नेटही येऊन-जाऊन का होईना होतं. पण शाळेला वीज पुरेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळं इन्व्हर्टरवर, आणि मॅडम तासाला पस्तीस मिनिटं संगणक चालू करून लगेच बंद करायच्या. आता नव्याने बसवलेला एजंट सुरू झाल्या झाल्या बोलत नाही. शेकडो संगणक एकाच मिनिटाला सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून तो आधी काही काळ थांबतो, आणि किती थांबायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. आमच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त एक तास. ज्या शहरात संगणक सकाळी नऊला चालू होऊन संध्याकाळी सहाला बंद होतो, तिथल्या माणसाने ही सोय केलेली आहे. तिथे एक तास म्हणजे काहीच नाही. इथे एजंटची बोलायची पाळी येण्याआधी दिवा जात होता. रोज. कोणाचाच दोष नाही असा हा प्रकार, आणि म्हणूनच तो कधीच कोणाच्या लक्षात आला नसता.

मधेच एक विषयांतर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. आमच्या सर्व्हरवर ठिकाणांच्या यादीत तेव्हापासून दोन जिल्हे आहेत. जुन्या संगणकांवर अहमदनगरचं लेबल, नव्यांवर अहिल्यानगरचं. फक्त नव्या नावाने यादी काढली तर निम्मे संगणक गायब. बोलण्यात आम्ही सगळे नुसतं ‘नगर’ म्हणतो, त्या नावाचं लेबल कुठेच नाही.

एकोणीस संगणकांचं प्रकरण मात्र मला अजून आठवतं. दोन शाळा, दोन्ही चांगल्या चाललेल्या. वीज, नेट, घड्याळ सगळं जागेवर. शेवटी मी एजंटची लॉग फाइल उघडली. लॉग म्हणजे एजंटची रोजनिशी, जी सहसा कुणी वाचत नाही. त्यात रोजची एक नोंद होती. अमुक वेळी सर्व्हरकडे गेलो, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी, पुन्हा गेलो, उत्तर नाही. पावसाळा गेला, गणपती गेले, सहामाही परीक्षा झाली. शंभराहून जास्त नोंदी, सगळ्या सारख्या. झालं होतं असं, की जूनमध्ये मुख्य कार्यालयाने इंटरनेटची कंपनी बदलली, त्याबरोबर सर्व्हरचा बाहेरचा आयपी पत्ता बदलला. बाकी ठिकाणी एजंटला सर्व्हरचं नाव दिलेलं होतं, त्यामुळे त्यांना नवा पत्ता आपोआप मिळाला. या दोन शाळांत पूर्वीच्या कुणी तरी नावाऐवजी आकडेच टाकून ठेवले होते. हे एकोणीस जण कित्येक महिने रोज जुन्या घराची कडी वाजवत होते. घर सोडून गेलेल्यांनी त्यांना कळवलं नव्हतं, आणि वर त्यांच्याच नावापुढे शेरा मारला होता : प्रतिसाद नाही.

प्रतिसाद नाही! खरं तर तो शेरा कोणाच्या नावापुढे पडायला हवा होता?

मला वाटतं, या सगळ्या प्रकाराचा नैतिक भाग इथे आहे. संपर्क तुटतो तेव्हा दोन टोकं असतात, पण शोध नेहमी एकाच टोकापासून सुरू होतो, ज्याच्या हातात यादी नाही त्या टोकापासून. कंट्रोल पॅनेलवर तसं बटणही असतं : ‘संपर्क न करणारे संगणक दाखवा’. ‘मी कोणाकोणाला ऐकू शकत नाही ते दाखवा’ असं बटण मी अजून बघितलेलं नाही. माहिती तीच, पण दुसऱ्या वाक्यात कर्ता बदलतो आणि कामाला कोणी लागायचं हेही बदलतं.

गावाकडे हे सगळ्यांना अंगवळणी पडलेलं आहे. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. पूर्वी ती तलाठ्याने शिवारात फिरून करायची असे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं अॅप आलं, आणि शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची असं ठरलं. कल्पना चांगली आहे, कार्यालयात बसून केलेल्या पाहणीपेक्षा कितीतरी बरी. पण त्यात एक बदल गुपचूप झाला. नोंद नसण्याची जबाबदारी पूर्वी पाहणाऱ्यावर होती, ती आता पिकवणाऱ्यावर आली. ज्याचा फोन जुना, ज्याच्या शिवारात रेंज नाही, जो वारला आणि वारसनोंद अडकली, त्याच्या वावरात कंबरभर बाजरी उभी असली तरी बारा नंबर कोरा. कोरा रकाना वाचणारा म्हणतो, पेरलं नाही. तो असं म्हणत नाही, की मला दिसलं नाही.

कायदा या बाबतीत सॉफ्टवेअरपेक्षा जास्त विचारी निघतो, हे मला यादी हातात घेऊन फिरतानाच कळलं. एखादा माणूस सात वर्षं बेपत्ता असेल तर तो वारला असं धरता येतं, हे आपण सगळे ऐकून असतो. नियम तेवढाच नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या १०८व्या कलमात आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या १११व्या कलमात अट अशी आहे, की तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षांत ती लागलेली नसावी. म्हणजे आई, बायको, भाऊ. कुठल्यातरी दूरच्या कचेरीला खबर नाही म्हणून माणूस मरत नाही. हीच ती योग्यानुपलब्धी, मीमांसकांचं नाव न घेता कायद्यात येऊन बसलेली. आणि तरीही कायदा तो मेला असं म्हणत नाही. तो जिवंत आहे म्हणणाऱ्याने सिद्ध करावं, एवढंच म्हणतो. सात वर्षं थांबून एवढंच. आम्ही नव्वद दिवसांत थेट भंगारवाला बोलावणार होतो.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ चा. त्याआधी २००२ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, आणि त्यासाठी झालेल्या आंदोलनाचं केंद्र पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं. अण्णा हजारेंबद्दल पुढे ज्याचं जे मत झालं असेल ते असो. २००५ च्या कायद्यातल्या सातव्या कलमाचं दुसरं पोटकलम फार सुंदर आहे. माहिती अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे एरवी तीस दिवसांत, निर्णय दिला नाही, तर त्याने माहिती नाकारली असं मानलं जातं. मानीव नकार. वरवर हे अर्जदाराच्या विरोधात वाटतं, पण नकार मिळाला की अपिलाचा दरवाजा उघडतो. अधिकाऱ्याला गप्प बसून अर्ज कुजवता येत नाही. म्हणजे गप्प बसण्याचा अर्थ इथे कायद्याने ठरवून टाकला, आणि तो ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर उलटवला. शांततेचा अर्थ लावायचाच असेल, तर कोणाच्या शांततेचा आणि कोणाच्या सोयीने, हा निवडीचा प्रश्न आहे. आमच्या यादीने तो उलटा सोडवला होता.

एवढं लिहिल्यावर कोणाला वाटेल, की गप्प असलेला प्रत्येक जण बिचारा असतो. जामखेडकडच्या एका शाळेच्या कार्यालयातला एकच संगणक यादीत होता. मी गेलो, बघितलं, एजंटची सर्व्हिस कोणीतरी मुद्दाम बंद केलेली. कार्यालयातल्या लिपिक मॅडमना विचारलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “मीच बंद केलंय सर. तुम्हाला लिहायचं तर लिहा.”

त्या दुसऱ्या नोकरीसाठी टंकलेखनाची परीक्षा द्यायची तयारी करत होत्या. सुट्टीनंतर अर्धा तास बसून सराव, त्यासाठी एक टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलेलं. एजंटने इमानेइतबारे ते नाव यादीत पाठवलं. मुख्य कार्यालयातल्या कोणीतरी ते वाचलं आणि एका बैठकीत चारचौघांत हसत विचारलं, “काय मॅडम, आम्हाला सोडून जायचा विचार दिसतोय?” त्या संध्याकाळी त्यांनी शिकून घेऊन सर्व्हिस बंद केली. मला म्हणाल्या, “फाइल उघडून बघत नाही म्हणता तुम्ही, मान्य. पण कपाट न उघडता आत काय आहे ते सांगणारा माणूस रोज घरी यावा असं तुम्हाला चालेल का?”

मला उत्तर देता आलं नाही. संगणक संस्थेचा, त्यात काय आहे हे संस्थेला कळायला हवं, हे खरंच आहे. चोरीचं किंवा व्हायरस घेऊन येणारं सॉफ्टवेअर अशाच यादीतून सापडतं, आणि ते मीच सापडवतो. गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, हेही खरं. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे, हे तिसरं खरं. तिन्ही एकत्र ठेवली तरी त्या बैठकीतल्या हसण्याचं काय करायचं ते त्यात नाही. मेमरी किती आहे हे मोजायला बसवलेल्या माणसाने, कोण कुठे जायचा विचार करतंय हे मोजलं. त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. पण यादी एकदा तयार झाली की वाचणारा ती कशासाठी वाचेल, यावर यादीचा ताबा राहत नाही.

सर्व्हरला या मॅडमचा ठिपका आणि पाथर्डीचे ठिपके सारखेच दिसत होते. बोलता न येणं आणि बोलायचं नसणं, दोन्ही राखाडी. मी सर्व्हिस चालू केली नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या संगणकापुढे ‘समक्ष पाहिला, चालू आहे’ लिहून तारीख घातली, सही केली, आणि मुख्य कार्यालयाला पत्र दिलं, की सॉफ्टवेअरची यादी कोण बघेल आणि कशासाठी, हे आधी लेखी ठरवावं. पत्राची पोच मिळाली आहे.

उलटा प्रकारही बघायला मिळाला, आणि तो जास्त वाईट. एका मोठ्या शाळेचे वीसच्या वीस ठिपके वर्षभर हिरवे. माझ्या यादीत नव्हतेच ते, वाटेवर म्हणून डोकावलो. प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे. खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच. रोज सकाळी शिपाई येऊन मेन स्विच टाकतो, दोन तासांनी बंद करतो. “हिरवं लागलं पाहिजे असं वरून सांगितलंय,” तो म्हणाला. मुलं बिघडवतील म्हणून आत सोडत नाहीत. सर्व्हरच्या नजरेत ही संस्थेतली सगळ्यात गुणी शाळा. आणि अकोल्याच्या ज्या खोलीत पस्तीस मिनिटांत तीस पोरं धक्काबुक्की करून नऊ संगणकांवर शिकत होती, तिचं निर्लेखन.

मग बोलणाऱ्याच्या बोलण्याचं तरी काय घेऊन बसायचं? शेवगावकडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटने एका संगणकाची डिस्क तयार करून तिच्याच अठरा प्रती काढल्या आणि सगळीकडे बसवल्या. अठरा जणांची नावं एक, एजंटची ओळखखूणही एक. मदरबोर्ड असेंबल केलेले, त्यामुळे सिरीयल नंबरच्या जागी ‘हे उत्पादकाने भरावे’ अशा अर्थाचं कारखान्यातलं वाक्य, जे कोणी कधी भरलंच नाही. सर्व्हरने अठरांना एकच समजलं. जुन्या अठरा नोंदी राखाडी पडल्या आणि एक नवा संगणक उगवला, ज्याची मेमरी दुपारी चार जीबी तर तिसऱ्या प्रहरी आठ जीबी.

नगर तालुक्यातच हिवरेबाजार आहे. तिथलं जे काम गाजलं त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट झाडं किंवा बंधारे नाहीत, पाण्याचा ताळेबंद आहे. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी मोजायची, आणि ते आकडे ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून, येत्या हंगामात कुठलं पीक घ्यायचं आणि कुठलं नाही हे ठरवायचं. ही पण इन्व्हेंटरीच. पण विहीर ज्याची, तो मोजणी ऐकायला समोर बसलेला असतो. आकडा चुकला तर तो उठून सांगू शकतो. आकडा आला नाही तर कोणीतरी संध्याकाळी जाऊन दोर सोडतं. नोंद देणारा आणि नोंद वाचणारा एकाच पारावर असल्यावर ‘प्रतिसाद नाही’ हा शेरा लिहायला जागाच उरत नाही. आमच्या चारशे संगणकांची यादी आजवर एकाही शाळेला दाखवलेली नाही. पाथर्डीच्या शिपाईमामांना ती दाखवली असती, तर अकरा बॅटऱ्यांचं काम पावसाळ्याआधीच उरकलं असतं.

त्रेसष्टमधले खरोखर मेलेले पाच निघाले. चारांचे मदरबोर्ड जळालेले, एक जागेवरच नव्हता. कुठे गेला ते विचारल्यावर तिघांनी तीन वेगवेगळ्या माणसांची नावं सांगितली. त्या पाचांच्या निर्लेखनावर मी सही केली.

नोव्हेंबरच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. यादीत हिरवा आणि राखाडी यांच्या जोडीला तिसरा रंग असावा, ‘माहीत नाही’ साठी. आणि एखादा ठिपका त्या रंगात गेला, की नव्वद दिवसांनी निर्लेखन करण्याऐवजी तीस दिवसांनी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघावं. सचिवसाहेबांनी शांतपणे ऐकलं. रंगाला कोणाचीच हरकत नव्हती. मग त्यांनी विचारलं, “अहो, पण माहीत नाही म्हणून किती दिवस ठेवायचं? ऑडिटर माहीत नाही हा रकाना मान्य करतो का?” त्यांचा प्रश्न मला अजिबात खुळा वाटला नाही. हिशोब कधीतरी मिटवावाच लागतो, भिंतीला टेकून ठेवलेल्या पाच मेलेल्या यंत्रांनी वर्गातली जागा अडवलेली असतेच. मी साक्ष्य कायद्यातली सात वर्षं सांगितली, त्यावर सगळे हसले, मीही हसलो. शेवटी एकशे ऐंशी दिवस आणि एक प्रत्यक्ष भेट, असं ठरलं.

भेटीला जाणाऱ्याच्या पेट्रोलचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, हे अजून ठरायचं आहे. दुरुस्तीच्या शीर्षात बसत नाही, कारण बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं.